समाधीवर बैलजोडी बसवावी काय? आगळ्यावेगळ्या समाध्यांविषयी विचारणा

धुऱ्यावरचा कडुनिंब यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या एका लहान गावचा शेतकरी आहे. गेल्या माघात माझे वडील वारले. आमच्यात अग्नी देत नाहीत, बसवून माती देतात, त्यामुळे त्यांची समाधी आमच्याच वावरात, पूर्वेच्या धुऱ्यावरील, म्हणजे बांधावरील, कडुनिंबाखाली आहे. सध्या तेथे मातीचा उंचवटा, उशाशी उभा केलेला एक काळा दगड आणि रानडुकरांनी उकरू नये म्हणून भोवती घातलेले बोराटीच्या काट्यांचे कुंपण, एवढेच आहे.

वडिलांना शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, मोठा नाद होता. ते घरचे कापूस-तुरीचे काम एक वेळ उद्यावर टाकत, पण पटाच्या जोडीची चंदी आणि मालीश कधी चुकू देत नसत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा अनेकांनी आपापल्या जोड्या विकल्या, वडिलांनी मात्र विकली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, त्या वेळी आमच्या गोठ्यात एकही बैल उरलेला नव्हता. बातमी ऐकल्यावर ते गोठ्यात जाऊन रिकाम्या दावणीपाशी बराच वेळ बसले होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता पुण्याला असलेल्या धाकट्या भावाचे म्हणणे असे की, समाधीच्या ओट्यावर छकडीला जुंपलेली, खऱ्या मापाची सिमेंटची बैलजोडी बसवावी, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या माणसालाही समाधी कोणाची ते कळेल. आत्याबाईंच्या मते पिंड आणि नंदी याखेरीज समाधीवर काहीही शोभत नाही. आई दोघांचे ऐकते आणि काही बोलत नाही. नमुना म्हणून तालुक्याच्या रस्त्यावरील एका कारखान्यात तयार बैल पाहून आलो. अंगणात उभ्या असलेल्या त्या बैलाच्या शिंगाचे टोक तडकून आतली गंजलेली सळई बाहेर आली होती आणि डोळ्याचा काळा रंग ओघळून थेट नाकपुडीपर्यंत आला होता. तेव्हापासून माझे मन दोलायमान झाले आहे.

जाणकारांना माझी विनंती एवढीच आहे की, अशा लक्ष वेधून घेणाऱ्या समाध्या आपण कोठे पाहिल्या, त्या किती टिकल्या आणि मागे राहिलेल्या माणसांना त्यांचे पुढे काय वाटते, हे कृपया सविस्तर सांगावे.

---

दर्यापूरकर

भाऊ, वडिलांना माझा नमस्कार. आमच्या शेजारच्या गावात एका शेतकऱ्याने चक्क बैलाचीच समाधी बांधली आहे. ओटा, त्यावर पांढऱ्या फरशीची लादी, आणि पोळ्याच्या दिवशी गावातील निम्म्या जोड्या तिच्यावरून फिरवून नेतात. सुरुवातीला लोक हसले, आता तीच मंडळी नारळ फोडतात.

जाता जाता एक सांगतो. आमच्या अकोला जिल्ह्यातील बाळापूरची काळ्या दगडाची छत्री पाहून अनेक जण ती कोणाची समाधी आहे असे विचारतात. ती मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाने ओळखली जाते, परंतु जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपूरला वारला, आणि या छत्रीखाली कोणीही नाही. मन आणि म्हैस नद्यांच्या काठी एवढे देखणे बांधकाम असले की लोक त्याखाली आपल्या मनानेच एखादा मृत माणूस ठेवून देतात.

---

निवृत्त गुरुजी, अहेरी

आपला प्रश्न वाचून मला माझ्या नोकरीची पहिली वर्षे आठवली. मी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांत मिळून बावीस वर्षे शिकवले. तिकडच्या माडिया गोंड आदिवासींच्या गावाला पायवाटेने जाताना गावाआधी त्यांचे मृत भेटतात. वाटेच्या कडेला माणसाच्या कमरेइतके, काही छातीइतके, अनघड दगड ओळीने उभे असतात. त्यांना उरसकल म्हणतात. दगडावर नाव नाही, आकृती नाही, छिन्नीचा एक घावही नाही. मी पहिल्या वर्षी समजुतीसाठी एका विद्यार्थ्याला विचारले, तेव्हा चौथीतल्या त्या पोराने ओळीतील एकेका दगडाला हात लावत आजा, आजाचा भाऊ, त्याची बायको, वाघाने नेलेला काका अशी सगळी वंशावळ न अडखळता सांगितली. त्याच पोराला वर्गात बाराचा पाढा येत नव्हता, म्हणून मी आदल्याच दिवशी रागावलो होतो.

इंद्रावती ओलांडून बस्तरमध्ये गेलात तर हीच परंपरा एकदम बोलकी झालेली दिसते. जगदलपूरहून दंतेवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दिलमिलीच्या आसपास, दंडामी माडियांचे स्मृतिस्तंभ उभे आहेत. काही लाकडाचे आहेत, बरेचसे दगडी फाडीचे, आणि त्यांवर भडक रंगांत मृताचे आयुष्य चितारलेले असते. जुन्या स्तंभांवर शिकार, ढोल, गवराची शिंगे लावून नाचणारे पुरुष, हत्ती-घोड्यावरील स्वार, मोर आणि मासे दिसतात. नंतरच्या स्तंभांवर मोटारसायकल आली, बस आली, विमानही आले. विमान पाहून शहरी पाहुण्यांना गंमत वाटते. मला तसे वाटले नाही, कारण स्तंभावरील सगळेच मृताने वापरलेले असावे असा तेथे दंडक नाही, त्याला पुढच्या प्रवासात मिळावे अशी इच्छाही तेथे रंगवली जाते.

गमावाड्याला याच वंशाचे प्रचंड उभे दगड आहेत, ज्यांच्यासमोर माणूस ठेंगणा वाटतो. एवढी शिळा रानातून आणण्यासाठी सगळ्या गावाचे खांदे लागले असणार, हे ती पाहताक्षणी कळते. आपल्या भावाला वाटेवरच्या माणसाला कळावेसे वाटते, ते चुकीचे नाही. माडियांनीही आपले दगड वाटेवरच उभे केले आहेत. फक्त त्यांनी कळवण्याचे काम दगडावर सोडलेले नाही, ते पोरांवर सोडले आहे.

एक विचारतो, रागावू नये. आपल्या वडिलांच्या जोडीतील बैलांची नावे घरातील सध्याच्या मुलांना ठाऊक आहेत काय?

---

धुऱ्यावरचा कडुनिंब

गुरुजी, नमस्कार. राग कसला. माझ्या मुलीला एकाचे नाव आठवले, दुसऱ्याचे तिने चुकीचे सांगितले, आणि पुण्याच्या पुतण्यांना एकही ठाऊक नव्हते. दोन्ही नावे मी काल रात्री वहीत लिहून ठेवली.

---

मिस्त्री, हिंगणघाट

मी गेली सव्वीस वर्षे बांधकाम करतो आणि त्यात समाध्या, ओटे, तुळशीवृंदावने हे काम भरपूर असते. भावनेचा भाग मोठ्यांनी सांगितला आहे, मी मालाचे आणि मातीचे सांगतो, कारण आपण पाहिलेल्या बैलाचे शिंग का फुटले ते समजल्याशिवाय निर्णय घेणे बरे नाही.

सिमेंटच्या मूर्तीला आतून सळईचा सांगाडा असतो. शिंग, कान, शेपूट हे भाग निमुळते असल्याने तेथे सळईवर सिमेंटचा थर जेमतेम बोटाच्या पेराएवढा, पुष्कळदा त्याहून कमी बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि मृग लागला की त्याच तापलेल्या सिमेंटवर थंड पाण्याचा मारा होतो. केसासारख्या बारीक भेगा पडतात, पाणी सळईपर्यंत पोचते, लोखंड गंजते, आणि गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागते. ही फुगणारी सळई मग सिमेंटला आतून फोडते. ऑइल पेंटने भेग दिसेनाशी होते, बंद होत नाही. कारागीर घाईत असला की मूर्ती ओल्या तरटाखाली पुरेसे दिवस ठेवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच रंगवायला घेतो, आणि असे काम पहिल्या पावसाळ्यातच उघडे पडते.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपले वावर काळ्या कापसाच्या मातीचे असेल. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात एवढी आकसते की भेगांत काठी घातली तर ती निम्मी आत जाते. तिच्यावर वरवर बांधलेला ओटा दरवर्षी उचलला जातो आणि दरवर्षी खाली बसतो. त्यातच समाधीच्या खड्ड्यातील भर ही नवी आहे, ती आणखी खचणार. दोन बैल आणि छकडी मिळून होणारे वजन त्या भरावर ठेवणे म्हणजे वर्षाच्या आत ओट्याला मधोमध चीर पाडून घेणे होय.

म्हणून माझे सांगणे असे आहे. हा पावसाळा पूर्ण जाऊ द्यावा, माती आपोआप बसेल तेवढी बसू द्यावी. दिवाळीनंतर खड्ड्याच्या बाहेर, चारही कोपऱ्यांना, मुरूम लागेपर्यंत खोदून पाये घ्यावेत, त्यांवर बीम आणि बीमवर स्लॅब टाकावा, म्हणजे वजन चार कोपऱ्यांवर जाईल आणि आतल्या मातीवर काहीच येणार नाही. ओट्याला चारही अंगांनी थोडा उतार ठेवावा, वर पाणी साचू देऊ नये. कडुनिंबाचे खोड किती जवळ आहे ते कळवावे, कारण त्याच्या मुळ्या पुढे ओटा उचलतात, आणि वडिलांनी लावलेले झाड तोडायला कोणी तयार होत नाही, असा माझा अनुभव आहे.

बैल बसवायचाच असेल तर सिमेंटपेक्षा काळा दगड घ्यावा, मग तो लहान झाला तरी चालेल. आणि पूर्ण बैल घडवण्याचा खर्च झेपत नसेल तर शिळेवर उठाव काढून घ्यावा. मशीनने वरवर कोरलेले अक्षर रंग गेला की वाचता येत नाही, हाताने खोल घेतलेले अक्षर रंगावाचूनही सावलीने वाचता येते.

बाकी, आमच्या हिंगणघाटला ज्या माणसाचे दफन झाले आहे त्याच्या नावाने कोठे हत्ती-घोडे उभे नाहीत. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख विल्यम लॅम्बटन. त्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तेथून वीस वर्षे टेकडी-टेकडीवरून कोन घेत देशाचे मोजमाप वर सरकवत आणले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो आमच्या गावी वारला. पुढे त्याच्या जागी आलेल्या एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वांत उंच शिखराला मिळाले. लॅम्बटन म्हणजे कोण, हे आमच्याकडे दहा जणांना विचारले तर आठ जण अमुक सर्व्हेवाला की काय, असे म्हणतात, आणि तेही मी गेल्या काही वर्षांत ओळखीच्यांना सांगत सुटल्यामुळे.

---

धारणीच्या ताई

मिस्त्रीदादांनी शिळेवरील उठावाचा विषय काढला म्हणून लिहिते. मेळघाटात कोरकू लोकांमध्ये मृताच्या नावाने सागाची कोरीव फळी उभी करण्याची प्रथा आहे, तिला मुंडा म्हणतात. हे काम मृत्यूनंतर लगेच होत नाही. त्यासाठी सिडोली नावाचा विधी करावा लागतो, त्याला खर्च येतो, सगळे नातेवाईक बोलवावे लागतात, त्यामुळे काही महिन्यांनी, कधी कधी तर कैक वर्षांनी, घरातील दोन-चार मृतांची सिडोली एकत्र उरकली जाते. आपल्या भावाला वर्षाच्या आत समाधी पूर्ण व्हायला हवी असेल, तर त्यांना हे अवश्य सांगावे.

फळी फार मोठी नसते. वर सूर्य आणि चंद्र, त्याखाली घोड्यावर बसलेला माणूस, आणखी खाली हात धरून नाचणाऱ्या आकृत्या, कडेने नक्षीची पट्टी. मी ज्या कोरकू आजोबांजवळ बसून हे काम पाहिले, ते सागाची फळी दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरून वाकसाने तासत होते, आणि घोड्याच्या पायाशी आले की जीभ दातांत धरत. ज्यांच्यासाठी फळी चालली होती त्यांनी जन्मात घोडा पाळला नव्हता. मी तसे म्हटल्यावर आजोबांनी मान वर न करता सांगितले की, चालत तो इथे पुष्कळ चालला.

मुंडा झाडाखाली इतर मुंड्यांच्या शेजारी उभा करतात. पुढे पावसाने लाकूड झिजते, वाळवी लागते, आकृती पुसट होते, आणि मी पाहिलेल्या गावांत तरी तिला पुन्हा रंग देण्याचा कोणी विचार केलेला दिसला नाही. जुन्या फळ्या शहरातील शौकीन लोक विकत मागायला येतात, याचा मात्र मला फार संताप येतो. दिवाणखान्यातील भिंतीवर दुसऱ्याच्या बापाची समाधी टांगून चहा कसा घशाखाली उतरतो, कोणास ठाऊक.

सूर्य-चंद्राचे म्हणाल तर ते आपल्या गावोगावच्या वीरगळांवरही, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांवरही, असतात. जोवर ते आहेत तोवर कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला नेत आहेत, वरच्या चौकटीत तो पिंडीची पूजा करतो आहे, असा क्रम असतो. गाईगुरे वाचवताना पडलेल्या माणसाच्या वीरगळावर तर गाई-बैलच कोरलेले असतात. तेव्हा आत्याबाईंना सांगा की पिंड आणि बैल एका शिळेवर येण्यास आपल्याकडे शेकडो वर्षांचा आधार आहे.

---

तालुका वाचनालय

मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे बाहेरच्या देशांतील समाध्या मी केवळ वाचनातून पाहिल्या आहेत, तरी प्रश्नाशी थेट जुळणाऱ्या दोन-तीन सांगतो.

इटलीतील जिनोव्हा शहरात स्टालिएनो नावाची दफनभूमी आहे. तेथे धनवान व्यापाऱ्यांच्या संगमरवरी पुतळ्यांच्या गर्दीत एका गरीब फेरीवाल्या बाईचा पुतळा उभा आहे. तिचे नाव कातेरिना काम्पोदोनिको. जत्रांतून आणि रस्त्यांवरून सुक्या मेव्याच्या माळा आणि पाव विकून तिने पै-पै साठवली आणि जिवंतपणीच, १८८१ मध्ये, लोरेन्झो ओरेंगो या नावाजलेल्या शिल्पकाराकडून स्वतःचा पूर्णाकृती पुतळा करवून घेतला. पुढच्याच वर्षी ती वारली. पुतळ्यात तिने ठेवणीतला पोशाख घातला आहे, शालीच्या झालरी आणि झग्यावरील वेलबुट्टी दगडात धाग्यासारखी उतरली आहे, आणि हातात काय आहे म्हणाल तर विक्रीच्याच माळा आणि पाव. आयुष्यभर जे विकले तेच तिने हातात धरले. ज्या धनिकांचे पुतळे आजूबाजूला आहेत त्यांची नावे विचारायला कोणी जात नाही, तिला मात्र लोक शोधत येतात.

रोमानियातील सपांत्सा या खेड्याचे उदाहरण आपल्या भावाला आवडेल. तेथे स्तान योआन पात्राश या सुताराने १९३५ पासून ओकच्या लाकडाचे निळे रंगवलेले क्रूस कोरण्यास सुरुवात केली. प्रत्येक क्रूसावर मृताचे चित्र आणि खाली त्याच्याच तोंडी घातलेली काही ओळींची कविता असते. कोणी मेंढ्या हाकतो आहे, कोणी सूत कातते आहे, कोणी ट्रॅक्टर चालवतो आहे, आणि दारूच्या नादाने गेलेल्याचे ते व्यसनही चित्रात लपवलेले नाही. असे आठशेहून अधिक क्रूस तेथे आहेत. पात्राश १९७७ मध्ये वारला, त्याने स्वतःचा क्रूसही आधीच कोरून ठेवला होता, आणि पुढे त्याच्या शिष्याने काम चालू ठेवले. आपल्याकडे कोणी असे खरे लिहिण्याची हिंमत करील काय? आपल्याकडे मेल्यावर प्रत्येक जण मनमिळाऊ होतो.

लंडनच्या हायगेट दफनभूमीत जॉर्ज वॉम्बवेल या फिरत्या प्राणिसंग्रहालयाच्या मालकाच्या थडग्यावर त्याचा लाडका सिंह झोपलेला दाखवला आहे. वॉम्बवेल १८५० मध्ये वारला. तेथेच टॉम सेयर्स या मुष्टियोद्ध्याच्या थडग्यापुढे त्याचा कुत्रा दगडात बसलेला आहे. म्हणजे जनावराला समाधीवर स्थान देणारे आपण एकटे नाही.

आणि आपल्या इतिहासाशी जोडलेले एक. आग्र्याच्या रोमन कॅथलिक दफनभूमीत तांबड्या दगडाचा एक लहान ताजमहाल आहे. तो जॉन हेसिंग या डच अधिकाऱ्याचा. हा माणूस शिंद्यांच्या फौजेत होता, पुढे आग्र्याचा किल्ला त्याच्याकडे होता आणि १८०३ मध्ये तो तेथेच वारला. त्याच्या बायकोने, ॲन हिने, ही कबर बांधवली. बादशहाने बेगमेसाठी बांधलेल्या इमारतीची नक्कल एका विधवेने नवऱ्यासाठी, मराठ्यांच्या नोकरीतल्या पैशातून केली, ही गोष्ट मला मूळ ताजइतकीच हृद्य वाटते. अर्थात चंद्रपूरकर येथे लगेच राणी हिराईचे नाव घेतील, आणि ते योग्यच आहे. अचलेश्वर मंदिराजवळील राजा बीरशाहाची भव्य समाधी त्याच्या राणीनेच बांधवली आहे.

---

शिळावर्तुळ

आपण सेलू तालुक्यातले आहात हे वाचून मला राहवले नाही. आपल्या आसपासच्या पट्ट्यात महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या लक्षवेधी समाध्या आहेत आणि बहुतेक शेतकऱ्यांना त्या वखराला आडव्या येणाऱ्या धोंड्यांची ओळ म्हणून ठाऊक आहेत. नागपूरजवळ काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत. त्याखेरीज माहुरझरी, टाकळघाट, नाईकुंड आणि आपल्याच वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथेही ती आहेत. माणसाला उचलता येणार नाहीत अशा धोंड्यांचे मोठे कडे करून आत गोटे आणि माती भरलेली असते. वय अडीच ते तीन हजार वर्षांच्या आसपास. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर ओळीने कोरलेल्या वाटीसारख्या खळग्या आहेत. तिरप्या उन्हात, सकाळी आठच्या आत गेलात तर त्या स्पष्ट दिसतात, दुपारी दगडच सपाट वाटतो.

एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे खोदली, नंतर १९६० आणि ७० च्या दशकांत रीतसर उत्खनने झाली. काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर असे पुष्कळ मिळाले. परंतु आपल्याला सांगण्याजोगी गोष्ट घोड्याची आहे. माहुरझरीला माणसाच्या दफनात घोड्याचे अवशेष आणि त्याच्या तोंडावर चढवलेला तांब्याचा साज सापडला. लोखंडी लगामाच्या कड्या तर अनेक ठिकाणी मिळाल्या. पोळ्याला आपण बैलाच्या कपाळावर बाशिंग बांधतो, तसा तो साज आहे. आपल्या शिवारात कोणीतरी आपल्या लाडक्या जनावराला सजवून धन्याबरोबर मातीत ठेवले होते. त्या धन्याचे नाव गेले, भाषा गेली, साज तेवढा राहिला.

या वर्तुळांनी एक बळीही घेतला आहे. नागपूरला शाळा काढणारे मिशनरी आणि भूगर्भाचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप हे सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहायला गेले होते, आणि तेथून घोड्यावरून बोरीकडे परतताना पुराच्या ओढ्यात बुडून वारले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे.

एक कळकळीची विनंती आहे. समाधीच्या पायासाठी धुऱ्यावरचे मोठे धोंडे काढायचा विचार असेल, तर ते गोलात आहेत की काय, एवढे आधी पाहून घ्यावे.

---

धुऱ्यावरचा कडुनिंब

आपण सर्वांनी वेळ काढून एवढे लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. धुऱ्यावरचे धोंडे मी परवाच पाहून आलो, ते गोलात नाहीत. आजोबांनी वावर साफ करताना काढून रचलेले आहेत, त्यांतील दोनांवर नांगराच्या फाळाचे ओरखडे आहेत.

हे सगळे उतारे मी रविवारी रात्री आईला आणि आत्याबाईंना वाचून दाखवले, भाऊ फोनवर ऐकत होता. सिमेंटची जोडी घ्यायची नाही, यावर मिस्त्रीदादांचे सळईचे स्पष्टीकरण ऐकल्यावर भाऊ आपण होऊन राजी झाला. तो अभियंता असल्याने त्याला गंजाची गोष्ट गुरुजींच्या गोष्टीपेक्षा लवकर पटली. आत्याबाई वीरगळाच्या आधारावर तयार झाल्या, मात्र पिंड वर आणि बैल खाली, ही अट त्यांनी घातली आहे. एकच काळी शिळा, वर सूर्य-चंद्र आणि पिंड, खाली पटाच्या जोडीचा उठाव, आणि त्याखाली वडिलांच्या नावाबरोबर दोन्ही बैलांची नावे, असे ठरले आहे. मिस्त्रीदादा, कडुनिंबाचे खोड समाधीपासून नऊ फुटांवर आहे. काम दिवाळीनंतर करू. भावाला घाई होती, त्याला धारणीच्या ताईंचा परिच्छेद दोनदा वाचून दाखवावा लागला.

आई शेवटपर्यंत काही बोलली नाही. सगळे उठल्यावर तिने एवढेच सांगितले की, डाव्या अंगाच्या बैलाचे शिंग सरळ काढू नका, ते त्याला पहिल्यापासून वाकडे होते, आणि त्या वाकड्या शिंगावरून घरात त्या वेळी भांडण होऊनही त्यांनी तोच बैल घेतला होता.

---

मिस्त्री, हिंगणघाट

नऊ फूट म्हणजे जवळच आहे, झाडाच्या बाजूचे दोन पाये अधिक खोल घेऊ आणि मधे मुळ्यांसाठी आडवी भिंत घालू. शिळेचे माप समाधी पाहिल्याशिवाय सांगत नाही. शिंग किती आणि कोणत्या बाजूला वाकलेले होते, ते दाखवणारा फोटो असल्यास पाठवावा, पाथरवटाला तसाच देतो.

---

धुऱ्यावरचा कडुनिंब

फोटो दोन आहेत, पण दोन्हींत जोडी धावते आहे आणि धुळीत शिंगे दिसत नाहीत. आईने काल तव्याच्या काजळीने चुलीमागच्या भिंतीवर शिंग काढून दाखवले आहे. आधी आतल्या बाजूला, मग टोकाशी जरासे खाली. पाथरवटांना घेऊन आपण आलात की ते पाहावे, तोवर ती भिंत सारवायची नाही असे तिने सुनेला सांगून ठेवले आहे.